वरून टाकलेलं मोसंबं

सर्व सभ्य नागरिकांस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की आजारी मुलीला मोसंबं द्यायचं झाल्यास ते किमान दोन हात उंचीवरून सोडावं. त्याहून खालून दिलं तर देणारा बाटतो. हे शास्त्र मला कलकत्त्यातल्या बालीगंजच्या आमच्या बाईसाहेबांनी शिकवलं, माझ्याच पोटावर. मी दहा वर्षांची होते. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं, जखमेत पू धरलेला.

बाईसाहेब म्हणजे मोठ्या सरकारी साहेबांची बायको. बदली होऊन कलकत्त्याला निघाल्या तेव्हा त्यांनी देव्हारा आणला, लोणच्याच्या बरण्या आणल्या आणि आम्हालाही आणलं. वडील त्यांची गाडी चालवायचे, आई संडास धुवायची. गाडीला आमचा हात चालायचा. पाण्याच्या माठाला नाही.

तर बाई वॉर्डात आल्या. नाकाला अत्तराचा रुमाल. माझं पोट ढोलासारखं ताणलेलं, अंगात ताप. मी फळासाठी हात पुढे केला. त्यांनी आपला हात वर नेला आणि मोसंबं सोडलं. नेम काय होता. थेट जखमेवर.

मी किंचाळले. टाक्यांतून पू उसळला. पट्टी भिजली, चादर भिजली. तडफडत मी त्यांचा पदर धरला.

"शिवू नकोस गं मला."

अख्ख्या वॉर्डात, आई सोडली तर, मराठी बोलणारी ती एकच बाई. आणि माझ्या भाषेत मला हे ऐकवलं.

डॉक्टर धावत आले. शेजारच्या खाटेवरच्या मुलाची जखम पिळत होते, माझ्यासारखीच, पू झालेली. ती अर्धवट सोडून आले. बोटं अजून ओली. "चेपे धरो," ते बंगालीत आयावर ओरडले. तिने माझे खांदे खाटेवर दाबून धरले. डॉक्टरांनी पट्टी ओरबाडली. बरोबर कातडी आली. मग तीच ओली बोटं माझ्या पोटात.

बाई त्यांना समजावत होत्या, "डॉक्टरसाब, ये लोग नहाते नहीं. गंदगी इनके अंदर ही होती है."

डॉक्टरांनी मान डोलावली. बोट फिरवणं चालूच.

आई जमिनीकडे बघत होती. मी त्या बोटांकडे. दुसऱ्याचा पू माझ्या रक्तात मिसळताना मी या डोळ्यांनी पाहिला. आणि घाण म्हणे माझी.

मी ओरडू नये म्हणून डॉक्टरांनी दुसरा हात माझ्या तोंडावर दाबला. शिकलेल्या माणसाने असं करू नये. मी चावले. मन लावून चावले. त्यांनी थोबाडीत मारली, तरी मी दात रुतवूनच ठेवले. पायाने ट्रे उडवला. चिमटे, वाट्या, रक्ताचे बोळे, सगळं बाईंच्या चपलांवर.

"माफी माग," बाई म्हणाल्या. "नाहीतर उद्यापासून तुझा बाप गाडीवर नाही."

आईने मान वर केली. माझ्याकडे नुसती बघत राहिली. वडिलांची नोकरी गेली तर आम्ही कुठे जाणार, हे मला चांगलं कळत होतं. तोंडात डॉक्टरांच्या रक्ताची चव होती. ते पुन्हा माझ्यावर वाकले. मी जखमेवर कोपर आडवं घातलं, बाईंच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाले,

"हात धुतल्याशिवाय मला कुणी शिवायचं नाही. सांगा त्याला हिंदीत."