विहिरीजवळची शाळा

फोन सकाळी चहाच्या वेळी आला. "बाई, सुमनताई गेल्या," त्यांच्या शाळेतली शिक्षिका रडत म्हणाली, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "सुजाता कुठंय?" कशा गेल्या, काय झालं, हे नंतर विचारलं. सुजाता म्हणजे त्यांची एकुलती लेक, पन्नाशीला आलेली, न बोलणारी. ती आईच्या उशाशी बसून होती म्हणे. सुमनताईंनीही आधी हेच विचारलं असतं...

ढोकीजवळच्या एका गावात मी प्राथमिक शिक्षिका होते, तेव्हापासूनची आमची ओळख. त्यांचे यजमान साखर कारखान्यात नोकरीला. बहात्तरच्या दुष्काळात सुजाता जन्मली. हाक मारली तरी मान वळवायची नाही. बहिरी म्हणावी तर लांबच्या ट्रॅक्टरच्या आवाजानं कान झाकून किंचाळायची. रांजण, हौद, पाट, जिथं पाणी चमकेल तिकडं निघायची. शेजारणींच्या सांगण्यावरून अंगारेधुपारे झाले, तसे विहारात जाणारे सासरे चिडले, "ही थोतांडं बंद करा, डॉक्टर गाठा." पुण्याच्या डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द सांगितला. आता त्याला स्वमग्नता म्हणतात, तेव्हा आम्हाला तो नीट उच्चारताही येईना. सुमनताई मला म्हणाल्या, "औषध न्हाय म्हणले, बाई. शिकवत ऱ्हावा म्हणले. पर कुठं शिकवू?" मी तिला माझ्या वर्गात बसवून पाहिलं. पोरांच्या गलक्यात ती भिंतीवर डोकं आपटायला लागली.

पुढं पुन्हा पाऊस हटला. अर्धं गाव रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होतं. तिथं बाभळीखाली एक पोरगा कमरेला दोर बांधून ठेवलेला सुमनताईंना दिसला. डोळ्यांपुढं बोटं नाचवत होता, थेट सुजातासारखी. त्याच्या आईला, गयाबाईला, त्यांनी विचारलं, दोर कशाला?

"सोडला तर हिरीत जाईल की ताई. लई भ्या वाटतं."

घरी सुजातासाठीही तसाच दोर आहे, हे सुमनताई मला त्या दिवशी पहिल्यांदा बोलल्या. मग म्हणाल्या, "बाई, आपण ह्या लेकरांची शाळा काढू. बिनदोराची."

सोसायटीचं खताचं गोदाम दुष्काळामुळं रिकामं होतं. चेअरमननं किल्ली दिली. 'येड्यांची शाळा' म्हणून गाव हसलं. सुजाता, गयाबाईचा दत्तू आणि आसपासची दोन-तीन लेकरं. माझी शाळा सुटली की मी तिकडं जायचे. आम्हाला काही येत नव्हतं, चुकत चुकत शिकलो. दत्तूला हाक कळायची नाही, पण ताटलीवर ठरलेला ठेका धरला की जेवण आलं हे कळायचं. गोदामामागं बांधापलीकडं एक विहीर होती, कठडा नसलेली. येताजाता आमची नजर तिकडंच.

एका शनिवारी, माझी शाळा सकाळची असताना, दुपारी घास अडकून सुजाताचा जीव घुसमटला. सुमनताईंनी तिच्या पाठीत थापा घालून घास पाडला, तोवर दत्तू दिसेनासा झाला होता. आम्ही धावलो. तो विहिरीच्या काठावर उभा होता, पायाची बोटं काठाबाहेर. मी ओरडायला तोंड उघडलं, तर सुमनताईंनी हातानं ते दाबलं. "हाक मारू नका, बाई. दचकला तर..."

त्या तिथंच ढेकळांत बसल्या. सुजाताची ताटली हातात तशीच होती. त्या ताटलीवर त्यांनी ठेका धरला. दत्तूनं पाहिलं नाही. पुन्हा धरला. त्याच्या पायाखालचं एक ढेकूळ सुटलं आणि ते पाण्यात पडल्याचा आवाज यायला फार वेळ लागला. सुमनताईंचा ठेका चुकला नाही. मग तो वळला, सावकाश आला आणि रिकाम्या ताटलीत बघत पुढ्यात बसला. मिठी मारली तर तो पळाला असता. सुमनताईंनी फक्त त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं. ती मूठ नंतर मला बोट बोट करून सोडवावी लागली.

संध्याकाळी दत्तूचा बाप चार माणसं घेऊन आला. "लेकरू मारताव व्हय माझं? बंद करा ही शाळा!"

"न्या घरी, दादा. चूक माझीच हाय," सुमनताई म्हणाल्या. "पर दोर नका बांधू त्याला."

तो पोराला घेऊन गेला. संपलं सगळं, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी गोदामापाशी बैलगाडी थांबली. तीत बाभळीच्या फांद्या होत्या. दत्तूच्या बापानं आणि गयाबाईनं विहिरीभोवती काटेरी कुंपण घातलं. मग त्यानं दत्तूला आमच्या दारात सोडलं आणि दिवसभर बाहेर बसून राहिला.

शाळा वाढली, तिला स्वतःच्या खोल्या झाल्या. लोक सुमनताईंना धीराच्या म्हणायचे. मला मात्र त्या सांगायच्या, "समदी लेकरं घरी पोचस्तवर घास उतरत न्हाय, बाई." शेवटच्या भेटीत माझा हात धरून विचारलं, "माझ्यामागं सुजाताचं कसं?" मी म्हटलं, आम्ही आहोत. माझं वय त्यांना ठाऊक होतं.

गेल्या आठवड्यात शाळेत गेले. सुजाता आता तिथंच राहते. मधल्या सुट्टीनंतर सुमनताईंची एक सवय असे: दार लावायचं, कडी ओढून बघायची, मग प्रत्येक लेकराच्या डोक्याला हात लावत फिरायचं. त्या दिवशी सुट्टी संपली आणि सुजाता उठली. जिला कुणाचा स्पर्श खपत नाही, ती सुजाता. तिनं दार लावलं. कडी ओढून पाहिली. लेकरांच्या डोक्यांना बोटं टेकवत, कुणाकडं न बघता, ती माझ्यापर्यंत आली. माझ्या पांढऱ्या डोक्याला हात लावला आणि आपल्या जागी जाऊन बसली.

शाळा सुटून दार उघडेपर्यंत मी जागची हलले नाही.