धरणारी मावशी

काही प्रकरणांत आरोपीचा चेहरा लक्षात राहतो, काहींत घटनास्थळ. या प्रकरणातले मला आजही दिसतात ते फक्त एका बाईचे हात. नोकरीत त्यानंतर खून पाहिले, जळालेली माणसं पाहिली, पण ते हात मागे पडले नाहीत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरी शहर पोलीस ठाण्यात मी फौजदार म्हणून नवीन होते. शिक्षण सगळं इंग्रजी शाळेत झालेलं. तिथली बोली कानावर पडली की अर्थ लागायला मला क्षणभर जास्त लागायचा, म्हणून मी कमी बोलायचे. ठाण्यात काहींना तो माझा ताठा वाटे. खरं तर ती भीड होती. तपासात मात्र तिचा उपयोग व्हायचा. आपण गप्प राहिलो की समोरचा माणूस ती शांतता भरून काढायला आपणहून बोलतो.

त्या दिवशी सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. आमचे जमादार एसटी स्टँडकडून आले ते घाईतच.

"बाईसाहेब, त्या एक्स-रेवाल्या डॉक्टरकडे माणसं जमलीत. म्हणतात, महारोगी बाई कामाला ठेवलीन् आणि ती पोरांना हात लावते. कोणीतरी काचेवर धोंडा मारलान्."

निरीक्षक साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "बाईचं प्रकरण आहे, तुम्ही जा." बाईचं प्रकरण असलं की ते माझ्याकडे यायचं, मग त्यात काहीही असो.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर पंधरा-वीस जण होते. मला पाहून एकजण मागून म्हणाला, "ही फौजदार? हिलाच कोणीतरी धरायला पायजे!" थोडे हसले. पुढे उभा असलेला बाप मात्र हसत नव्हता. काजूच्या झाडावरून पडून त्याच्या मुलाचा हात मोडला होता. "माझ्या झिलाला हिनं धरलंन् हो, उघड्या हातांनी! त्याला आता काय झाला तर हा डॉक्टर येणार काय निस्तरायला?"

आत एक्स-रेच्या खोलीत, भिंतीला टेकून, पन्नाशीची एक बाई बसली होती. हात पदरात गुंडाळलेले. बाहेर तिच्या नावानं आरडाओरडा चालला होता आणि ती जमिनीकडे पाहत होती. गर्दीतून तिला सुरक्षित बाहेर काढलं आणि ठाण्यात आणलं. जीपमध्ये जमादार तिच्यापासून जमेल तितके लांब बसले होते.

ठाण्यात चहा मागवला. तिनं ग्लास पदराच्या घडीतून धरला. मला वाटलं, गरम असेल. तेवढ्यात घडी सरकली, काच बोटाला लागली आणि ती इतक्या जोरात विव्हळली की ठाणे अंमलदार खुर्चीतून उठले. ग्लास फुटला. ती घाबरून खालचा चहा पदरानं पुसायला लागली.

त्या क्षणी तपासाची दिशा बदलली. प्रशिक्षणात असताना आम्हाला एका कुष्ठधामात नेलं होतं. या रोगात हाताची जाणीव जाते, जळती काडी धरली तरी माणसाला कळत नाही, हे तिथल्या डॉक्टरांनी दाखवलं होतं. हिला तर काचेचा स्पर्श सहन होत नव्हता.

"मावशी, हात दाखवा."

तिनं पदर बाजूला केला. बोटांची कातडी कोरडी, ताणलेली, चकाकणारी. नखं काळी पडून चिरलेली. उजव्या हाताच्या दोन बोटांवर न भरलेल्या जखमा.

"दुखतं?"

"वारा लागला तरी दुखता गो बाय," असं म्हणून तिनं जीभ चावली. "बाईसाहेब."

वैद्यकीय तपासणीचं पोलिसी पत्र देऊन तिला सिव्हिल हॉस्पिटलमध्ये पाठवलं. मी सोबत गेले. त्वचारोगाच्या डॉक्टरांनी सुई टोचून पाहिली, भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "महारोग नाही. हे भाजलंय, पण आगीनं नाही. काम काय करते ही?"

मावशीनंच उत्तर दिलं. "पोरांना धरते."

रत्नागिरीत तिला त्याच नावानं ओळखत. धरणारी मावशी. आंब्याकाजूच्या दिवसांत झाडावरून पडलेली पोरं, खोकल्यानं बेजार झालेली तान्ही, सगळी त्या दवाखान्यात यायची. मशीन जुनं होतं. फोटोला वेळ लागायचा आणि मूल हललं की फोटो वाया. आई धरायला गेली की मुलाआधी तीच रडायची, म्हणून आयांना बाहेर बसवत आणि मूल मावशीच्या हातात देत. कसं धरता, असं मी विचारलं. तिनं दोन्ही हात उचलले आणि हवेत एक लहानसं डोकं अलगद धरलं, अंगठे कानांच्या मागे. मधली पोकळी अगदी एका बाळाच्या डोक्याएवढी होती.

"हातमोजे नव्हते?"

"होते ना एक जोडी. काळे, जड. पोरां बघून आणखी बोंबलायची, बागुलबुवा आला म्हणून. मग डॉक्टर बोलले, ऱ्हाऊ दे मावशी. अशी किती वर्सं धरली, मला काय ठाव!"

मी विचारलं, तुमचं म्हणणं काय, तक्रार काय? वाटलं होतं डॉक्टरांबद्दल बोलेल. ती म्हणाली, "माझ्या लेकीला मुलगी झालीय. तिची सासू बोलली, ह्या हातांनी आमच्या खळ्यात पाय नको. बाईसाहेब, महारोग नाय, एवढा कागद मला द्या. नातीला एकदा धरीन. दुसरा काय नको."

गावाची पोरं धरणाऱ्या बाईला स्वतःच्या नातीला हात लावायची बंदी होती. तिची सगळी केस एवढीच होती. माझी त्याहून मोठी होती, निदान तेव्हा मला तसं वाटलं. भारतीय दंड विधान कलम २८७, यंत्राबाबत निष्काळजीपणा, आणि ३३८, गंभीर दुखापत. गुन्हा दाखल केला, घटनास्थळाचा पंचनामा केला आणि डॉक्टरांना जबाबासाठी बोलावलं.

डॉक्टर आले ते इस्त्रीच्या कपड्यांत. माझी शाळा कुठली ते त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं. बसल्या बसल्या ते इंग्रजीत सुरू झाले. आपण दोघं शिकलेली माणसं, हे गर्दीचं अज्ञान आपण समजून घेऊ शकतो, वगैरे. मी मराठीतच प्रश्न विचारत राहिले, कारण जबाब लिहून घेणारे जमादार शेजारी बसले होते.

"मूल धरायला दर वेळी एकच बाई का?"

"तिला सवय आहे."

"स्वतः कधी धरलंत?"

ते थांबले. मी दुसरा प्रश्न विचारला नाही. शेवटी तेच म्हणाले, "मी शिशाच्या पडद्यामागे असतो. मला रोज मशीन चालवायचं असतं." हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं. जमादारांनी लिहिता लिहिता माझ्याकडे पाहिलं. आम्हाला दोघांनाही वाटलं, माणूस सापडला.

मग डॉक्टर शांतपणे म्हणाले, "पण मॅडम, तिला नियमाप्रमाणे बिल्ला दिलेला होता. त्याचे निष्कर्ष मुंबईहून येतात. प्रत्येक वेळी स्वच्छ. तुम्हीच विचारून बघा."

किरणांच्या सुरक्षिततेची तपासणी करणाऱ्या मुंबईच्या सरकारी कार्यालयाकडे मी लिहून पाठवलं. काही आठवड्यांनी तिथले एक अधिकारी आले. सरळ मनाचा माणूस. मशीन तपासलं. नको त्या बाजूनं किरण गळत होते, भिंतीला शिसं नव्हतं. दुरुस्ती होईपर्यंत वापर बंद, असा शेरा त्यांनी दिला. मग ठाण्यात येऊन त्यांनी मला बिल्ला समजावला. छोट्या डबीत फिल्मचा तुकडा असतो. काम करणाऱ्यानं तो छातीला लावायचा. अंगावर किरण पडले की फिल्म काळवंडते. ठराविक काळानं ती मुंबईला पाठवतात आणि नवी येते.

"हाताचं पूर्ण माप त्यावर कळलं नसतं," ते म्हणाले, "पण काहीतरी नक्की उमटलं असतं. या बाईंच्या फिल्म कोऱ्या आहेत. अगदी कपाटात ठेवल्यासारख्या."

मी मावशीला बोलावलं. बिल्ल्याचं नाव काढताच तिचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"आहे ना! मी कधी हरवला नाय. डॉक्टरांनी दिलानी तेव्हा बोलले, सरकारी वस्तू हाय, जपून ठेव, हरवली तर जबाब द्यावा लागेल. मी खोलीवर ट्रंकेत ठेवलेला, लुगड्याच्या घडीत. मुंबईला पाठवायचा दिवस आला की आणून द्यायची. चरा म्हणून पडू दिला नाय!"

मुंबईचे अधिकारी खिडकीबाहेर पाहायला लागले.

दवाखान्यात ती पोरांना धरत होती आणि तिचा बिल्ला ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, सुरक्षित होता. मुंबईला दर वेळी कळत होतं की रत्नागिरीच्या या बाईच्या अंगावर काहीही पडत नाही. सरकारी वस्तू म्हटल्यावर तिनं ती देवासारखी जपली. ती वस्तू कशासाठी आहे, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

जमादारांनी पेन खाली ठेवलं. मावशीपासून लांब बसणारे तेच जमादार आता तिच्या बाकावर बसले होते. "मावशे, नीट आठव. डॉक्टरच बोलले ना, ट्रंकेत ठेव म्हणून? एवढं एक वाक्य बोल, मी लिहितो."

ती विचारात पडली. मग म्हणाली, "नाय हो भाऊ. ट्रंकेचा त्यांनी काय सांगितलंनी नाय. ता माझा मीच केला. देवाच्या माणसावर खोटा कशाला घालू? पोरां बरी करतात ते."

तिचा खरा जबाबच डॉक्टरांच्या कामी आला. त्यांनी सांगितलं, बिल्ला दिला, हातमोजे दिले, तिनं वापरले नाहीत. 'राहू दे' म्हटल्याला साक्षीदार नव्हता. मुंबईचं लेखी मत आलं की उपलब्ध नोंदींवरून दुखापत त्याच मशीनमुळे झाली असं निश्चित सांगता येत नाही. ते लिहिणाऱ्या माणसाला खरं काय ते माहीत होतं, मलाही होतं. प्रकरणाची 'क' समरी झाली. म्हणजे तक्रार खरीही नाही आणि खोटीही नाही. भिंतीला शिसं लागलं, मशीन पुन्हा सुरू झालं. धरायला दुसरी बाई आली, तिच्याहून तरुण. मी तिला बिल्ला कुठे लावायचा ते स्वतः जाऊन दाखवलं. तिनं मान हलवली. किती कळलं, देव जाणे.

मावशीच्या उजव्या हाताची ती दोन बोटं सिव्हिलमध्ये कापावी लागली. जखम भरल्यावर मी त्वचारोगाच्या डॉक्टरांकडून कागद घेतला आणि तिला जीपमध्ये घालून संगमेश्वरच्या अलीकडच्या तिच्या लेकीच्या गावी गेले. निदान तिची छोटी केस तरी जिंकू, असं मनात होतं.

विहीणबाईंनी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, घोंगडी टाकली, गूळपाणी दिलं. मावशी खळ्याच्या कडेलाच थांबली. मी कागद मोठ्यानं वाचला. महारोग नाही, रोग पसरणारा नाही.

"मग झाला काय तिला?" विहीणबाईंनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. मशीनमधून किरण निघतात, दिसत नाहीत, त्यांनी हात भाजले.

विहीणबाई मावशीच्या पदराकडे पाहत राहिल्या. "म्हंजे ते किरण तिच्या हातात शिरले."

"शिरले, पण तिथे राहत नाहीत. दुसऱ्याला काही होत नाही."

"दिसत नाय बोलता, मग ऱ्हायले की गेले, कसा कळायचा?" त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं, भीती होती. "तुमी शिकलेल्या, बाईसाहेब. पण ज्याचा यंत्र हाय तो डॉक्टर पण शिकलेलाच ना? त्यानं तरी सांगितलान् काय हिला? तान्ही पोर हाय वो आमची."

माझ्याजवळ उत्तर होतं ते पुस्तकातलं. त्या खळ्यात उपयोगी पडेल असं नव्हतं. महारोगाला निदान ती माणसं नावानं ओळखत होती. मी त्यांना बिननावाची, न दिसणारी भीती आणून दिली होती. पडवीत उभी असलेली लेक रडत होती, पण सासूला ओलांडून खळ्यात उतरली नाही.

पुढे मी अनेक तपास केले आणि शिक्षाही झाल्या. या प्रकरणानं शिकवलं ते हे, की नियम असतो, तो माणसापर्यंत वस्तू पोचवतो आणि तिथेच थांबतो. पुढचं समजावून सांगणं हे कोणाचंच काम नसतं. त्यात कोणाला अटक करता येत नाही.

निघायला उठलो तेव्हा घरात बाळ जागं झालं आणि रडायला लागलं. खळ्याच्या कडेला मावशीचा पदर हलला. आतमध्ये तिचे दोन्ही हात आपोआप वर आले, अंगठे मागे, मध्ये बाळाच्या डोक्याएवढी पोकळी. बाळाचं रडणं थांबेपर्यंत ते तसेच धरलेले राहिले.