किल्ली कोणाजवळ

तर दुसऱ्यांदा नापास होऊन कचरूभाऊ बुलडाण्याहून उतरला तो घरी गेलाच नाही, तडक वाचनालयात आला. चौथी शिकलेला हा गडी एकतीस वर्षांपासून गावच्या वाचनालयाचा विश्वस्त. धामणगाव बढ्याकडची पहिली एसटी फाट्यावर पेपरांचा गठ्ठा टाकून जाते. तो उचलायचा, कुलूप काढायचं आणि सातच्या आत पेपर टेबलावर मांडायचे, हे काम त्याचंच. जरा उशीर झाला की गठ्ठा टपरीवर जातो, अन् मग अग्रलेखावर भजे.

यंदा वरून कागद आला. विश्वस्तांनी दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचं, परीक्षा द्यायची. प्रमाणपत्र नसेल त्याचं मंडळातलं नाव कमी. परीक्षा म्हणजे दहा प्रश्न, दहाही बरोबर पाहिजेत. प्रशिक्षणात मिळालेली पुस्तिका उघडून लिहायची मुभा. तरी हा पठ्ठ्या दोनदा नापास.

ग्रंथपाल रेणुकानं कपाळाला हात लावला. "आबा, पान सात. 'वाचनालयाची किल्ली ग्रंथपालाकडे असावी.' तुमीच मले वाचून दाखवलं. मंग 'माझ्याजवळ' काऊन लिहून आले?"

"मंग कोनाजवळ हाये?"

"'हाये' नाही विचारलं त्यायनं. 'असावी' विचारलं."

कचरूभाऊनं कमरेची किल्ली सोडून टेबलावर आपटली. "घे मंग. उद्या साडेपाचले फाट्यावर ये."

"मी मोताळ्याहून येतो, आबा. माही ड्युटी संध्याकाळची, चार ते सात."

"हे लिहू का थ्या पेपरात?"

रेणुकानं ती त्याच्याकडे सरकवली. किल्ली पुन्हा कमरेला गेली.

तिसऱ्या खेपेला प्रशिक्षण देणाऱ्या चारुलता मॅडम स्वतः त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. ही शेवटची संधी, नंतर नाव जाणार, हे त्यांनी आधीच सांगितलं. नऊ उत्तरं त्यानं धडाधड लिहिली. बैठकीचं इतिवृत्त, सभासदांची वर्गणी, सगळं अचूक. दहाव्यापाशी पेन थांबलं. मॅडमनी घड्याळ पाहिलं. खोलीतले बाकीचे विश्वस्त केव्हाच चहाला गेले होते.

"काका, चार अक्षरं आहेत. ग्रंथपाल. लिहा आणि मोकळे व्हा."

पेन हललं नाही.

"इतकी वर्षं वाचनालय चालवलंत. एका किल्लीपायी नाव घालवता का?"

कचरूभाऊनं पुस्तिका उघडली, पान सात पुन्हा एकदा बोट फिरवत वाचलं, मिटली. पेनाला टोपण लावलं. मॅडमनी मोठा उसासा सोडला अन् विचारलं, "उत्तर येतं तुम्हाला. मग अडलं कुठं?"

तो म्हणाला, "लिहितो न मॅडम, मले काय जड हाये. पन पहाटे फाट्यावरून गठ्ठा कोन आनन अन् सातच्या आत दार कोन उघडन, त्या मानसाचं नाव तुमी सांगा. त्याचंच नाव लिहितो, अन् किल्ली आजच त्याच्या घरी नेऊन देतो."