नंदीची ओटी

माझ्या जावयाला चित्र काढता येत नाही आणि तोच त्याचा धंदा आहे. धुळ्यात लोक त्याची चित्रं विकतही घेतात. (धुळ्याच्या लोकांबद्दल मी काही बोलणार नाही.)

लग्नानंतरच्या पहिल्या अखाजीआधी, म्हणजे अक्षय्य तृतीयेआधी, त्याने आमच्या जळगावच्या घरी भलंमोठं चित्र पाठवलं. रानातले शंकर-पार्वती. शंकर जांभळा, झाडं लाल, तोंड कुणालाच नाही! एवढ्या रंगात आमचं गेट तरी रंगवून झालं असतं.

लगेच मुलीचा फोन. "पप्पा, चित्र हॉलमध्येच लावायचं. नावं ठेवलीत तर अखाजीला आल्या पावली धुळ्याला परत जाईन."

घाबरून लावलं. तेवढ्यात धरणगावहून माझी थोरली बहीण, अक्का, आली. घरात देवाचं चित्र आलं म्हणजे हळद-कुंकू लावलंच पाहिजे, म्हणून ताट घेऊन उभी.

"भाऊ, यामा पार्वती कोनती शे?"

मला काय कप्पाळ ठाऊक! पण अडाणी कोण ठरणार? "ती हिरवी," मी ठोकून दिलं. अक्काने हिरवीला कुंकू लावलं, पुढ्यात नारळ ठेवून ओटीही भरली.

"आनि हाऊ कोपऱ्यातला ढेरपोट्या?"

"तो राक्षस. मान तरी आहे का बघ त्याला!"

घरात राक्षस नको म्हणून अक्काने त्याच्यावर कॅलेंडर टांगायला लावलं. मी आनंदाने टांगलं, तेवढंच चित्र कमी दिसणार होतं.

अखाजीला लेक-जावई आले. मांडे, आमरस, सगळं तयार. जावई चपला काढून थेट चित्रासमोर.

"पप्पा, नंदीची ओटी कुणी भरली?"

मी खोकलो. त्याने कॅलेंडर उचललं. "आणि हे?"

"त्याखाले राक्षस शे," अक्का म्हणाली. "भाऊनीच सांगं."

"राक्षस नाही, अक्का. हा हिमालय, पार्वतीचे वडील." त्याचा आवाज पडला. "पप्पांनाच डोळ्यांसमोर ठेवून काढलाय."

मुलीने खाली ठेवलेली बॅग पुन्हा उचलली. मी धावत दार अडवलं.

"जावईबापू, मी स्वतःला ओळखूनच राक्षस म्हणालो हो! हिच्या आईला विचारा."

बायकोने कुणी विचारायची वाटही पाहिली नाही, जोरजोरात मान डोलावली. अक्का म्हणाली, "न्हानपनपाईन राक्षसच शे." मुलगी हसली आणि बॅग खाली टेकवली.

त्या चित्रातलं मला अजूनही काही कळत नाही. पण घरी येणारा प्रत्येक जण कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणतो, "हे मात्र हुबेहूब जमलंय."