हात कुणी लावला?

आमच्या बिबवेवाडीच्या लॅबमधला जुना युनिक्स सर्व्हर स्वतःच पासवर्ड देऊन ब्रॉडबँड जोडतो. तो अडला की त्याची देखभाल करणारे गृहस्थ येतात, चष्मा कपाळावर सारतात आणि विचारतात, "हात कुणी लावला?" आम्ही सगळे नाही म्हणतो. काल पेशंटचे रिपोर्ट अडकले, तेव्हाही तेच म्हणालो.

स्क्रीनवर बोट ठेवून त्यांनी लॉगची, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींची, ओळन् ओळ पुटपुटत वाचली. "लाइन ठीक आहे. पासवर्ड पटत नाहीये. काय आहे तो?"

मी पटकन नवा सांगितला. सर्व्हरमध्ये जुनाच होता. ब्रॉडबँड कंपनीच्या साइटवर परवा मीच तो बदलला होता. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि नवा टाकला. कनेक्शन लागलं.

"कुणाची चूक?" लॅबच्या मॅडमनी विचारलं.

"पासवर्ड जुना झाला होता."

जाताना सर्व्हरकडे बोट दाखवून ते मला हळूच म्हणाले, "अहो, मला नाही सांगितलंत तरी चालेल. त्याला सांगत जा."