एकाची उचल, दुसऱ्याचा सोफा

दाजी सोफे मढवायचे. बायकोच्या दोन बहिणी त्याच गल्लीत नांदत होत्या, म्हणून अख्ख्या गल्लीने त्यांना दाजी करून टाकलं होतं.

एका हॉटेलचं मोठं काम मिळालं तेव्हा त्यांनी कर्ज काढून नवी मशीन घेतली. हॉटेल उघडलंच नाही, हप्ता मात्र सुरू झाला. मग नव्या गिऱ्हाइकाची उचल घ्यायची आणि त्यातून आधीच्या गिऱ्हाइकाचं कापड आणायचं, अशी खोड लागली. धंद्यात इकडचं तिकडे होतंच, असं ते मनाला समजावत. पुढे फोमवाल्याची उधारी थकली आणि त्याला टाळायला ते मागच्या बोळातून जाऊ लागले. शेवटी हप्त्यासाठी फोनवरून झटपट कर्ज घेतलं, ते फेडायला दुसरं.

एका सकाळी निवृत्त शिक्षिका दुकानात आल्या. त्यांच्या नवऱ्याचं कमरेचं ऑपरेशन झालं होतं. त्यांच्यासाठी उंच पाठीची खुर्ची मढवायला टाकून बाईंनी सगळे पैसे आधीच दिले होते. खुर्चीचा नुसता सांगाडा भिंतीला टेकून होता.

"उद्या त्यांना घरी सोडतायत," बाई म्हणाल्या. "पलंग बुटका, त्यावरून उठता येत नाही. होईल ना?"

"होईल की. कापड यायचंय फक्त."

कापड कुठूनच येणार नव्हतं. बाईंचे पैसे केव्हाच हप्त्यात गेले होते. बाई निर्धास्त होऊन गेल्या आणि दाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शटर अर्धं ओढून ते जमिनीवर बसले. तोंड कुठे लपवावं कळेना.

दुपारी शटरखालून वाकून बायको आत आली.

"धाकट्या बहिणीला वसुलीवाल्यांचा फोन आला होता," ती म्हणाली. "तुमचा दाजी चोर आहे म्हणाले."

दाजींची मान वर होईना. "तुला सांगणार होतो."

"मला कधीचंच कळलंय. फोन वाजला की तुम्हाला खोकला येतो. भाजीला पैसे मागितले की विनोद सुचतात."

"मग विचारलं का नाहीस?"

"भ्याले."

ती त्यांच्याजवळ खाली बसली. मग तीच उठली. "घरच्या दिवाणाची गादी उसवा. फोम, कापड दोन्ही निघेल. बाईंची खुर्ची तरी होऊ दे."

संध्याकाळी दाजींनी खुर्ची पोचवली आणि फोम-कापड जुनं, घरचंच आहे, हे सांगून टाकलं. पैसे कुठे गेले तेही सांगितलं. बाईंनी बैठक दाबून पाहिली. "बसता येईल," एवढंच म्हणाल्या.

गोष्ट गल्लीभर झाली. उचल दिलेले लोक दुकानापुढे उभे राहिले. मशीन विकली, दुकान सोडलं, तरी खड्डा बुजेना. दाजी फोमवाल्याकडे गेले, या वेळी पुढच्या रस्त्याने.

"पहिला हप्ता चुकला तेव्हाच यायचंस," फोमवाला म्हणाला. "तेव्हा मार्ग होता. आता माझ्या शेडमध्ये काम कर. निम्मा पगार उधारीत वळता करीन."

दाजी तिथे लागले. वसुलीचे फोन थांबले नाहीत, आणि धाकटी बोलायची बंद झाली ती झालीच. नवरा-बायको सतरंजीवर झोपू लागले.

"यातून कधी सुटू आपण?" तिने एकदा विचारलं.

"माहीत नाही," दाजी म्हणाले. एरवी त्यांनी काहीतरी थाप मारली असती.