सातव्या भागाचा उत्तरार्ध

शोभा गेल्याचा फोन कविताने केला. कविता म्हणजे शोभाच्या वरच्या खोलीतली भाडेकरू, बँकेत नोकरीला, जेमतेम तिशीची. "मावशी गेल्या हो..." एवढंच बोलून ती रडायला लागली. खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की हिने का रडावं? तीस वर्षांची मैत्रीण मी, आणि बातमी मला हिच्या तोंडून कळावी? दुःख मागाहून आलं. आधी मत्सर आला, तोही चपला न काढता.

शोभा आणि मी भोकरदनच्या एकाच शाळेत शिक्षिका होतो. पुढे माझी बदली धावड्याला झाली आणि मी तिथलीच होऊन गेले. भेटी कमी झाल्या, वाचन मात्र सुटलं नाही. निवृत्तीनंतर तर आम्ही सात भागांची एक जाडजूड मालिकाच धरली. दोनशे वर्षांपूर्वी मेलेला एक घोडेस्वार जुन्या बारवेत राहतो, त्याला सावली नाही, आणि बारवेचा अभ्यास करायला शहरातून आलेली मृणाल त्याच्यावर भाळते. सुना-नातवंडांसमोर काढायची सोय नव्हती, म्हणून वर्तमानपत्राचं कव्हर घालायचो. पुस्तक दोघींत एकच. ते आलं की शोभा ब्लेडने त्याचे मधोमध दोन तुकडे करायची. जिची पाळी तिने पूर्वार्ध आधी वाचायचा, मग एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती दुसरीला पाठवून स्वतः उत्तरार्ध उघडायचा. समासात पेन्सिलीने भांडायचं. पानाचा कोपरा दुमडला तरी मुलांना उभं करणाऱ्या आम्ही दोन मास्तरणी... असो. चौथ्या भागाला तर तिने असा घाव घातला, की स्वाराने हात पुढे केला आणि माझं पान संपलं. उत्तरार्ध तिच्याकडे. मी फोन केला तर बाई सांगेनात, नुसत्या हसून राहिल्या.

मला त्या मृणालचा भयंकर राग यायचा. मनात एक, तोंडात भलतंच. तो बिचारा पौर्णिमेच्या पौर्णिमेला पाण्यातून वर यायचा, तुझ्या मनात काय आहे म्हणून विचारायचा, आणि ही बारवेच्या सातव्या पायरीवरून मागे फिरायची. वर 'माझं काही नाही' म्हणायची. "अगं, बाई हाय का दगड?" मी फोनवर ओरडायचे. शोभा शांतपणे म्हणायची, "तू कशाला तापून राह्यलीस? तिला भ्या वाटतं. बोललं अन् तो न्हाई म्हणला, तर?" "मंग न्हाई तर न्हाई! बोलून मोकळं व्हावं माणसानं." असे आमचे सहा भाग गेले.

सातव्याला पहिली पाळी शोभाची होती. पूर्वार्ध तिने पाठवला, मी दोन दिवसांत संपवला आणि उत्तरार्धाची वाट बघत बसले. महिना गेला. तिचं डायलिसिस सुरू झालं होतं, म्हणून शेवटी मीच गेले. दारातच आवाज कानावर आला. कविता पलंगाच्या कडेवर बसून आमचा उत्तरार्ध मोठ्याने वाचत होती आणि शोभा डोळे मिटून हसत होती. जिने आधीच्या भागांचं एक पान पाहिलं नव्हतं, तिला मधेच थांबवून मृणालची सगळी कर्मकहाणी समजावत होती. मला बघून म्हणाली, "ये सुमे, बस. डोळे बिलकुल काम करून न्हाई राह्यले, म्हणून ही वाचते. तू पण ऐक." मी चहा घेतला, बस चुकेल म्हणाले आणि उठले. बसला अजून तास होता. तो तास मी स्टँडवर काढला.

नंतर रोज फोन करत होते, पण 'जेवलीस का, गोळी घेतलीस का' याच्या पुढे जात नव्हते. एकदा तिनेच विचारलं, "सुमे, रागावलीस का गं?" मी म्हणाले, "छे, माझं काही नाही." शब्द मृणालचे, तोंड माझं, आणि माझ्या लक्षातही आलं नाही. पुन्हा भेटायला गेले नाही. कविता आहे ना तिथे, असं स्वतःला ऐकवत राहिले.

मग कविताचा तो फोन आला. त्यानंतर तीन आठवड्यांनी ड्रायव्हरने ओळखीचं पुडकं आणून दिलं. उत्तरार्ध होता. पहिल्या काही पानांच्या समासात शोभाचं थरथरतं अक्षर. पुढे ते संपतं आणि कविताचं गोल, टापटीप अक्षर सुरू होतं. 'मावशी म्हणतात, सुमे, इथं शिव्या घाल.' 'मावशी म्हणतात, ह्या पानावर तू रडशील.' प्रत्येक ओळ माझ्यासाठी, आणि प्रत्येक ओळ कविताच्या हातची. जळफळाट झाला माझा. जिथे मृणाल पुन्हा सातव्या पायरीवर येऊन थांबते, तिथे शेवटची ओळ आहे. 'मावशी म्हणतात, ही बया अन् तू, दोघी सारख्याच. तू तोंडानं बोलली असतीस, तर मी कविताला वर तिच्या खोलीत धाडलं असतं अन् तुझ्याकडून वाचून घेतलं असतं.'

त्यापुढचे समास कोरे आहेत. मृणाल बोलली की नाही, मला माहीत नाही. पुढे वाचवत नाही. पूर्वार्ध मी कविताला पाठवला, बिचारीने सुरुवात वाचलीच नव्हती. उत्तरार्ध मात्र देणार नाही, तिने मागितला तरी नाही. तो माझ्या उशाशी आहे. काल पेन्सिलीला टोक केलं आणि त्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं, 'शोभे, मला लई राग आल्ता गं.'